आतून लागणारं दार

रिसोड,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप बाई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (गुडघ्यांचं कसं आहे ते आधी कळव. डोक्याचा भार किती टाकायचा ते त्यावर ठरवीन.) विधवेच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायची रीत आहे. पाकिटावर ते लिहायला हात गेला नाही. 'सौ.' लिहिता येत नाही. शेवटी नुसतं प्रयागबाई लिहिलं. भाऊजींना जाऊन वर्ष झालं, पण पोस्टमनला त्याच्याशी काही करायचं नसतं. पत्र पोचेल. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीची पित्ताची तक्रार आहे तशी आहे; ती थांबली तर तिलाच चुकल्यासारखं होईल. आमच्या गणेशची वाशीमची नोकरी चालू आहे, सकाळच्या बसनं जातो, दिवेलागणीला येतो. सूनबाईकडे, योगिनीकडे, दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडला आहे. सोयाबीन घरात आलं. पाऊस उशिरा गेला, पण गेला.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. त्याला कारण आहे. फोनवर तू 'पाहू' म्हणतेस. तुझा 'पाहू' मला लहानपणापासून माहीत आहे. जत्रेला नेशील का विचारलं की आई 'पाहू' म्हणायची, तू तो तिच्याकडून घेतलास, आणि त्या 'पाहू'तून आजवर कोणी जत्रेला गेलेलं नाही. शिवाय आमच्याकडे फोन एकट्याचा नसतो. मी बोलायला लागलो की तुझी भावजय मागून दुरुस्त्या सांगते. पत्रातल्या दुरुस्त्या निदान नंतर होतात. (ती समोर अंबाडी निवडत बसली आहे. मी काय लिहितो ते तिला दिसत नाही, पण माझा चेहरा दिसतो, आणि तिला तेवढं पुरतं.)

तर दारांबद्दल. राखीला अकोल्याला आलो होतो तेव्हा मी तुला म्हटलं होतं, घरमालकाला दिवाळीनंतर जागा हवी आहे, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, कायमची ये. तू भाजी ढवळत होतीस. ढवळणं थांबवलं नाहीस. म्हणालीस, "येईन. राहीन बी. पन मले एक दार पायजे, आतून लागनारं. म्हाताऱ्या मानसाले दिसभर कोनाच्या डोयापुढं राहा लागू नये. रडू आलं तं रडता आलं पायजे, हसू आलं तं हसता." आणि मीठ घातलंस. तो विषय तिथेच संपला. पण मी बसमध्ये बसल्यावर पाहिलं, की तू या वेळी 'पाहू' म्हणाली नव्हतीस. अट घातली होतीस. अट घालणारा माणूस निम्मा तयार असतो. वाटेतलं मालेगाव येईपर्यंत मी दार रंगवायला काढलं होतं, मनात.

पुण्याला प्रज्वलनं तुझ्यासाठी खोली तयार ठेवली आहे, हे मला माहीत आहे. तुझा मुलगा गुणाचा आहे, सूनही. त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द लिहिणार नाही. खोलीला दार आहे, आतून लागतं. घरालाही दार आहे आणि ते कोणी काही केलं नाही तरी आपोआप लागतं. (मागच्या खेपेला तू कणकेच्या हातानं कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलीस आणि मागं दार लागलं. प्रज्वल येईपर्यंत जिन्यावर बसलीस. शेजारच्या बाईंना वाटलं तू स्वयंपाकाला येतेस. त्यांनी आमच्याकडेही वेळ आहे का विचारलं. हे तूच मला हसत सांगितलंस. मी हसलो नाही.) तेव्हा चढाओढ आहे ती दारांची आहे, माणसांची नाही. त्यात आमची बाजू पडकी होती. कारण मधल्या खोलीचं दार गेली कित्येक वर्षं भिंतीला टेकून उघडं होतं. त्यावर पंचा, छत्री, गणेशचा रेनकोट आणि एक कोणाचा ते न कळणारा स्वेटर. ते दार आहे हे आम्ही विसरलो होतो. आम्ही त्याला खुंटी समजत होतो.

खरं तर त्या खोलीचं तुला मी सांगायला नको. तू मॅट्रिकला होतीस. घराला बाहेरचं एक दार सोडलं तर दुसरं दार नव्हतं. आत पोत्याचे पडदे. तू बाबांना म्हणालीस, मला अभ्यासाला दार पाहिजे. बाबा दुसऱ्या दिवशी जुन्या लाकडांच्या बाजारातून दार घेऊन आले, खांद्यावर. कुठल्या तरी पडलेल्या कचेरीचं होतं, सागवानी, आपल्या घरापेक्षा जड. आईनं विचारलं, हे लावायचं कुठं. बाबांनी तोवर तो विचार केला नव्हता. मग चौकट केली. चौकट उभी राहायला भिंत बांधली. भिंत बांधल्यावर त्या बाजूला खोली झाली. लोक खोलीला दार करतात, आपल्याकडे दाराला खोली केली. त्या मागोमाग स्वयंपाकघर, कोठी, न्हाणी यांनाही जुन्या बाजारातलीच दारं आली. तू आत बसून बीजगणित करायचीस आणि मी बाहेर फटीला डोळा लावून पाहायचो. पाहण्यासारखं काही नव्हतं. तू नुसती बसलेली असायचीस.

तेव्हा मी फक्त तेवढं एक दार घासून, रंगवून, कडी बसवून मोकळा होणार होतो. एका दिवसाचं काम. तुझ्या भावजयीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की एक दार उजळलं की बाकीची घाण दिसतील. मी म्हटलं ती आजही घाणच दिसतात. ती म्हणाली आज सगळी सारखी दिसतात. मग स्वयंपाकघर, कोठी, न्हाणी आणि मधली खोली अशी आतली सगळीच दारं ठरली. रंगारी मिळेना. दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही. मिळाला तर तो रंगारी नसतो. म्हणून मीच करतो म्हटलं. गणेशनं रजेचा अर्ज करावा का असं विचारलं.

रंग आणायला खालिदच्या दुकानात गेलो. (जमशेदचाचांचं दुकान. चाचा गेल्यापासून खालिदच पाहतो. आता तिथे रंग मिसळायचं मशीन आलं आहे, आकडा दाबला की रंग पडतो.) त्यानं पुठ्ठ्याची एक जाड चोपडी पुढ्यात ठेवली, त्यात एकट्या पांढऱ्याचीच पानंच्या पानं. तुझ्या भावजयीनं बदामी सांगितला होता. योगिनीनं राखाडी, फोनमध्ये फोटो दाखवून. गणेश म्हणाला होता कोणताही आणा, पण सगळ्या दारांना एकच आणा, सर्कस नको. मी चोपडी पुढून मागं आणि मागून पुढं पाहिली. खालिदनं चहा मागवला, तो प्यायलो, पुन्हा पाहिली. शेवटी खालिद म्हणाला, "गोविंदाभाऊ, अब्बाच्या टायमाले तुमची बहीन ये. डबा उघडाले लावे, बोट बुडवून पाहे, आन नाई म्हने. तिले आना. तुमाले रंग कयत नाई." आणि मग, "बाई कई येऊन राह्यली?" मी म्हटलं, पाहू.

खालिदला सगळं आठवतं. पोळ्याच्या आधी बाबा तुला घेऊन तिथे जायचे, बैलांच्या शिंगांसाठी रंग आणायला. मी मागून, कोणी बोलावलेलं नसताना. रंग तू ठरवायचीस. बाबा एरवी कोणाचं ऐकणारे नव्हते, पण शिंगांचा रंग हे तुझं खातं होतं. बैल दोन, शिंगं चार, आणि डबा मोठा. उरलेला रंग वाळवून फेकायचा हे बाबांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्या रंगानं घरातलं एक दार रंगवायचं. यंदा हे, पुढल्या वर्षी ते. त्यामुळे आपल्या घरात दोन दारं एका रंगाची कधी नव्हती, आणि प्रत्येक दाराला त्या वर्षीच्या बैलाचं नाव होतं. हिरवं वजीर, तांबडं चांदण्या. लोकांना यात विचित्र वाटायचं आणि आपल्याला लोक विचित्र वाटायचे. (ते दूरचे मामा आठव. त्यांनी न्हाणी कुठे विचारलं, आईनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं, वजिराच्या मागं. मामा हातात तांब्या घेऊन गोठ्यात गेले आणि वजिराच्या मागं बराच वेळ विचार करत उभे राहिले. वजीरही मान वळवून पाहत राहिला.) आता बैल नाहीत. पोळ्याला मातीची जोडी आणतो, तिची शिंगं आधीच रंगवलेली असतात. हे सगळं खालिदच्या दुकानात उभ्या उभ्या डोक्यात आलं. म्हणून रंग निवडायला वेळ लागला, रंग कळत नाही म्हणून नव्हे. शेवटी आकडा त्यानंच दाबला. जो रंग पडला त्याला तुझी भावजय बदामी म्हणते आणि योगिनी राखाडी म्हणते. दोघी समाधानी आहेत. मला तो पाण्याच्या चहासारखा वाटतो, पण मला कोणी विचारलेलं नाही.

दारं काढण्यात चूक झाली. एकेक काढायला हवं होतं. मी सगळी एकदम काढली. कारण असं, की पहिल्या दाराच्या बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की त्या सोडवताना मला राग आला, आणि रागात बाकीची दारं भराभर निघाली. राग उतरला तेव्हा घरात एकही दार नव्हतं. सगळी अंगणात शेवग्याला टेकून ओळीनं उभी होती, तहसीलमध्ये लोक असतात तशी. आणि घर पुन्हा तुझ्या-माझ्या लहानपणीसारखं झालं, आरपार. पुढच्या दारातून मागचं तुळशीवृंदावन दिसायला लागलं. तुझी भावजय म्हणाली बरं दिसतं, हवा येते. हे तिनं न्हाणीचा विचार करण्याआधी म्हटलं.

न्हाणीला साडी लावली. साडीला कडी नसते. म्हणून नियम झाला, की आत जो असेल त्यानं बोलत राहायचं. मी आयुष्यभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या, मला अवघड नव्हतं. मी आत गेलो की रिसोड-मेहकर, रिसोड-लोणार, रिसोड-हिंगोली असं सुरू करायचो. (हिंगोलीपर्यंत अंग भिजायचं, पुसदपर्यंत आंघोळ व्हायची.) गणेश आंघोळ करताना फोनवर साहेबांशी बोलायचा. साहेबांनी एकदा त्याला विचारलं की रिसोडला अजून पाऊस चालू आहे का, आणि त्यानं हो सांगितलं. योगिनी बांगड्या वाजवायची. तुझी भावजय खोकायची. तिचं खोकणं ऐकून शेजारच्या बाईंनी काढा करून आणला, आणि खरं सांगणं जास्त लाजिरवाणं म्हणून तिनं तो प्यायला. त्या दिवशी पित्त उसळलं ते त्यानं.

पण दारं नसली की दुसरंही होतं. आवाज फिरतात. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं की योगिनी शिवताना गुणगुणते. तुझ्या भावजयीला माहीत नव्हतं की मी दाढी करताना स्वतःशी बोलतो, आणि मला माहीत नव्हतं की मी तिची तक्रार करतो. एकदा सकाळी मी पोळी खात होतो. गणेश बूट घालत होता. योगिनी त्याला डबा देता देता म्हणत होती, हळूच, पण हळू बोलून काही होत नव्हतं, "तुमी सकायी जाता. आई देवयात, मामाजी चौकात. मी दिसभर मशिनीसंग बोलून राह्यली. आत्या आल्या तं कोनी तरी उत्तर देईन." गणेश म्हणाला तू विचार. ती म्हणाली, मी कशी विचारू, मी सून. मी, म्हणजे तिचा मामाजी, पोळीचा घास तसाच तोंडात धरून बसलो. मी ते ऐकायला नको होतं. पण ऐकू येऊ नये म्हणून दार लागतं. हे मी तुला अशासाठी लिहितो, की सुनेच्या घरात आपण नको हे तू राखीला बोलली नाहीस, पण भाजी ढवळताना तुझ्या तोंडावर होतं.

मग घासणं आलं. पॉलिश पेपरनं घासायचं म्हणजे जुना रंग निघून लाकूड दिसेपर्यंत. बाकीच्या दारांना मी तेवढं घासलं नाही, वरवर हात फिरवला. मधल्या खोलीचं घेतलं तेव्हा जोर लावला. वरून राखी रंग निघाला, तो गणेशच्या लग्नाचा. त्याखाली पिवळा. पिवळ्याच्या वर्षी तू पोळ्याला माहेरी आली होतीस. दुष्काळ होता आणि तरी तू पिवळा घ्यायला लावलास. बाबा म्हणाले चारा नाही तर निदान शिंगं हिरवी करू, तू म्हणालीस बैलांना खोटं कशाला दाखवायचं. पिवळ्याखाली हिरवा. आणि सगळ्यात खाली, लाकडाला धरून, निळा. निळा तुझ्या लग्नाच्या वर्षीचा आहे. त्या पोळ्याला तू सासरी होतीस. बाबा रंग आणायला एकटेच गेले. मी बरोबर होतो, पण ते एकटेच गेले. जमशेदचाचांनी विचारलं कोणता देऊ. बाबा चोपडी पाहत नव्हते, तेव्हा चोपडी नव्हतीच, फळीवर डबे होते, तिकडेही पाहत नव्हते. म्हणाले, "पोरीनं कोनता घेतला असता, तो द्या." चाचांनी निळा काढून दिला. बैलांना तो अजिबात शोभला नाही. मिरवणुकीत आपली जोडी लांबून ओळखू येत होती. बाबांना कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला निळा या दाराला दिला. आतल्या बाजूनं.

मी तिथे थांबलो. तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "दार घासून राह्यले का पोथी वाचून राह्यले?" मग मी त्यावर बदामी मारला. मारावा तर लागतोच.

रंग मी चांगला दिला, हे लिहून ठेवतो. एका दिशेनं, ओघळ न येऊ देता, दोन्ही बाजूंनी. सगळी दारं अंगणात ओली उभी केली आणि चहा घ्यायला आत गेलो. आणि त्याच वेळी पलीकडच्या मोकळ्या जागेत शेजारच्या हेमसिंगनं मळणीचा हडंबा सुरू केला. त्याचं सोयाबीन काढायचं राहिलं होतं आणि मशीन त्याला त्याच दिवशी मिळालं. वारा आमच्याकडे होता. मशीन दाणे पोत्यात टाकतं आणि कुटार, म्हणजे सगळा भुसा, हवेत. मी चहाची बशी हातात घेऊन बाहेर आलो तेव्हा दारांना केस आले होते. सगळ्या दारांवर, वरपासून खालपर्यंत, सोयाबीनचं कुटार बारीक, दाट, एकसारखं चिकटलेलं. हेमसिंग पळत आला. बिचारा फार वरमला. म्हणाला पुसून देतो. पुसलं तर ते रंगात शिरलं. चिमट्यानं काढू म्हटलं तर हे वर्ष पुरलं नसतं. शेवटी वाळू दिलं आणि त्यावर दुसरा हात मारला. आता दारं हाताला खरखरीत लागतात, गायीच्या जिभेसारखी. तुझ्या भावजयीचं म्हणणं, बरंच झालं, आता त्यांना टेकून कोणी उभं राहणार नाही. (हे मला उद्देशून.) गणेश म्हणतो शहरात भिंती मुद्दाम अशा करून घेतात आणि त्याला वेगळं नाव आहे. मांजराला मात्र मनापासून आवडली. ती रोज सकाळी कोठीच्या दाराला पाठ घासते.

बसवायची वेळ आली तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. बाबांनी प्रत्येक दार त्याच्या त्याच्या वाकड्या चौकटीप्रमाणे तासलेलं. एकाची चौकट दुसऱ्याला चालत नाही. मी काढताना मागं खडूनं लिहिलं होतं कोणतं कुठलं, आणि मग मागूनही रंग दिला. पूर्वी ही अडचण कधी आली नसती. वजीर वजिराच्या जागी गेला असता. आता सगळी बदामी. आम्ही चौघं अंगणात उभे राहून आपल्याच घरातली दारं ओळखत होतो. न्हाणीचं खालून कुजलेलं, ते कळलं. कोठीचं उंदरानं कुरतडलेल्या कोपऱ्यावरून कळलं. उरली दोन, दोन्ही सागवानी, सारखीच जड. तुझी भावजय एकाला स्वयंपाकघराचं म्हणे, मी दुसऱ्याला. तिनं आपल्याला नाक लावून पाहिलं आणि फोडणीचा वास येतो म्हणाली. नव्या रंगाच्या वासातून तिला तो कसा आला ते तिलाच माहीत. पण ते दार स्वयंपाकघराला बरोबर लागलं. त्यानंतर दोन दिवस आमच्यात दारांवर बोलणं झालं नाही.

तर आता सगळी दारं जागच्या जागी आहेत. मधली खोली मोकळी केली. पंच्यासाठी, छत्रीसाठी आणि त्या अनोळखी स्वेटरसाठी भिंतीला खुंट्या मारल्या. खाट खिडकीखाली आहे. दाराला आतून नवी पितळी कडी बसवली. मी स्वतः आत जाऊन ती लावून पाहिली. लागते. फटी कुटारानं बुजल्या आहेत, बाहेरून डोळा लावला तर काही दिसत नाही. हेही पाहिलं.

गुडघ्यांना तेल लावत जा. प्रज्वलला आणि पोरांना आशीर्वाद. उत्तर पत्रानं दे. फोननं दिलंस तर ते मी धरणार नाही.

तुझा
गोविंदा

ता. क. भाऊबिजेला तू येतेसच, त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र भाऊबिजेनंतरच्या दिवसाबद्दल आहे. परतीचं तिकीट काढू नकोस. सामान एका खेपेत येणार नाही. गणेश आणि मी अकोल्याला येऊन उरलेलं आणू. प्रज्वलशी बोललो आहे. तो म्हणाला, आईला कुठे बरं वाटतं ते आईला ठरवू द्या मामा. मी म्हटलंच ना, मुलगा गुणाचा आहे.

ता. क. २. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं. (अंबाडी संपली.) ती म्हणते, वरच्या ता. क.मधलं पहिल्या ओळीत लिहायचं ते शेवटी कोण लिहितं. आणि म्हणते, "माह्याकडून लिहा, कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला म्हना. वरचा नाई, हात पुरत नाई. खालचा नाई, वाकवत नाई." तसं लिहिलं.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी एक. मी आत जाऊन कडी लावली हे खरं आहे. तेव्हा बाहेरून योगिनी दार उचलून धरून उभी होती, हे लिहायचं राहिलं. बिजागऱ्यांची भोकं सैल झाली आहेत, सागवान जड आहे, दार कडीच्या बाजूला खाली ओढतं आणि कडी कोयंड्यात जात नाही. आतून एकट्यानं करून पाहिलं. दाराला दोन हात लागतात आणि कडीला तिसरा. गणेश म्हणतो दिवाळीनंतर सुतार मिळेल. तुला सुतारच हवा असेल तर तसं लिही, आणतो. नसेल तर रोज झोपायच्या वेळी मला हाक मार. मी बाहेरून दार उचलून धरीन. कडी बसल्याचा आवाज आला की सोडीन आणि आपल्या खाटेकडे जाईन. पुढे तू आत रडतेस का हसतेस, कोणी विचारणार नाही. सकाळी उघडायला कोणी लागत नाही.